पायमशीनखालची जेलची पट्टी

लग्नानंतर मी नाशिकरोडच्या सासरी राहून एमएस्सी करत होते. दोन हजारनंतरची ती वर्षं. प्रकल्पासाठी सरांनी मला जेल बनवायला दिलं होतं: गरम पाण्यात पांढरी पूड विरघळवायची, साच्यात ओतायची, गोठवायची, वितळू द्यायची, पुन्हा गोठवायची. बहुतेक पाणीच, तरी रबरासारखं चिवट. गुडघ्यातल्या झिजलेल्या गादीच्या जागी असं काही बसवता येईल का, हा त्यामागचा प्रश्न.

कॉलेजातला फ्रीज बंद पडला तेव्हा मी साचे घरी आणले.

"खरवस लावलास होय?" सासूबाईंनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांचे स्वतःचे गुडघे दुखत असत, म्हणून त्यांनी मन लावून ऐकलं. मग एक पट्टी घेतली आणि दोन्ही हातांनी जोर लावून ताणली. तुटेना. "अगं, हे तर माझ्यापेक्षा दणकट!"

मी खुशीत सरांना सांगितलं. ते म्हणाले, "एकदा ओढून तुटत नाही, छान. पण गुडघा काय दिवसातून एकदाच वाकतो?"

पुन्हापुन्हा ताणायचं यंत्र कॉलेजात नव्हतं. रात्री जेवताना मी कुरकुरले, तर सासूबाई म्हणाल्या, "माझ्या शिलाई मशीनची पायपट्टी दिवसभर खालीवर होतच असते की."

त्या कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत. ताणून ताणून ती वाढते का हे बघायला मी जेलच्या पट्टीला ब्लेडने कडेला बारीकशी चीर दिली, एक टोक मशीनच्या लोखंडी पायाला आणि दुसरं पायपट्टीला चिमट्याने अडकवलं. सुकू नये म्हणून भोवती पाण्याची प्लॅस्टिकची पिशवी. त्या शिवत राहिल्या, पट्टी ताणत राहिली. मधूनच वाकून त्या चीर बघत.

एके दिवशी कॉलेजातून आले, तर त्या पडेल चेहऱ्याने बसलेल्या. पट्टीचे दोन तुकडे वाटीत, पाण्यात ठेवलेले.

"माझ्याच पायाने तुटली गं. बाही जोडायची घाई होती."

"आई, तुटायलाच हवी होती ती!" मी त्यांच्याजवळ बसले. जेलमध्ये लांब धाग्यांची जाळी असते. पहिल्या ताणाला आतल्या गाठी सुटतात आणि जोर पिऊन टाकतात, म्हणून ते चिवट वाटतं. पण सगळ्या गाठी परत बसत नाहीत. पुढच्या प्रत्येक ताणाला चिरेच्या टोकाशी थोडे धागे तुटतात आणि चीर सरकते.

त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कमी ताणली तर?"

पायपट्टी तेवढीच हलणार. म्हणून मी पट्टीच लांब केली, म्हणजे ताण कमी. ती जास्त दिवस टिकली, तरी तुटली. मग आणखी लांब, मशीनच्या पायाभोवती वळवून घेतलेली. लग्नसराई होती, सासूबाईंकडे ब्लाउजांचा ढीग. गुडघ्यांना तेल लावून त्या बसत. मी "राहू द्या" म्हटलं की म्हणत, "शिवायचं तर मला आहेच ना!"

सराई संपत आली तेव्हा मी बसमधून उतरून घराकडे वळले, तर त्या फाटकातच उभ्या, गळ्यात टेप, हातात माझं भिंग.

"वाढलीच नाही गं," त्या लांबूनच ओरडल्या. "सकाळपासून तीनदा बघितलं. पहिल्या दिवशी होती तेवढीच आहे चीर!"

शेजारच्या काकू कुंपणावरून विचारत होत्या, कुणाला काय लागलं म्हणून.