एक अनोळखी इसम

जवळा बाजार मागं टाकला की थोड्या अंतरावर, डाव्या हाताला एक उघडीबोडकी टेकडी आहे. रझाकारांशी इथं चकमक झाली होती. आता पायथ्याशी सोयाबीन आणि वर स्मारक आहे. स्मारक म्हणजे नावं कोरलेली शिळा आणि एक खोली. खोलीत काचेआड गंजलेली भरमार बंदूक, रिकामी काडतुसं, पिवळे पडलेले फोटो. शाळेत असताना दोनदा सहलीला इथं आलो आणि दोन्ही वेळा शिळेला पाठ टेकून चिवडा खाल्ला. शिळेवर सात नावं आहेत. आठवी ओळ आहे, ‘एक अनोळखी इसम’.

तो इसम माझा आजोबा, हे मला या श्रावणात कळलं. आत्यानं सांगितलं. ती आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. माझे वडील तिच्या पाठचे, तेव्हा पाळण्यात होते. ते बिचारे काहीच न कळता गेले.

चकमकीनंतर प्रेतं टेकडीखाली ओळीनं ठेवली होती. ज्याची ओळख पटेल त्याचं घर जाळायचं ठरलं होतं. गावच्या बायापोरांना प्रेतांसमोरून चालवत नेलं. आजी कपाळभर कुंकू लावून गेली आणि नवरा वऱ्हाडात कामाला गेलाय म्हणाली. निजामाच्या पोलीस जमादाराला ते पटलं नसावं. त्यानं आत्याला पुढं ओढून विचारलं, हा तुझा कोण? आत्या म्हणाली, “वळखत न्हाई.”

घर वाचलं, पण आजीला ते कुंकू पुसता येईना. निजाम गेल्यावर खरं सांगता आलं असतं. पण नवऱ्याला बेवारस जाळू दिलं, हे भावकीला कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हातारी होऊन ती गेली, तेव्हा बायांनी तिला सवाष्णीचं हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. आजोबांच्या नावानं आमच्या घरात एकदाही पान वाढलं गेलं नाही.

ऐकून मी भडकलोच. एवढी वर्षं तोंड शिवून बसलीस, म्हणालो.

“मायनं शपथ घातली व्हती,” आत्या म्हणाली. “पर म्या गेल्यावर कोन सांगल? डोळे मिटायच्या आत त्या दगडावर बाचं नाव बघू दे मला.”

हिंगोलीत अर्ज टाइप करून घेतला. साक्षीदार ती एकटीच उरलेली. पितृपंधरवड्यात निघालो. तिनं पहाटे उठून खीर, वडे, कढी केली आणि डबा कुणाच्या हाती न देता मांडीवर घेऊन बसली.

स्मारकाची देखरेख एक निवृत्त गुरुजी करतात. त्यांनी अर्ज सावकाश वाचला, आत्याला खुर्ची दिली. मग रीतीप्रमाणं विचारलं, “आजी, हा इसम तुमचा कोण?”

आत्यानं काचेआडच्या बंदुकीकडं पाहिलं. पदर कपाळावर ओढला.

“वळखत न्हाई.”

“आत्या, अगं नीट सांग.”

“काहून इचारून राहिले? आमचा न्हाई म्हनलं ना.”

गुरुजींनी अर्ज माझ्यापुढं सरकवला. मला शरम वाटली, आणि शरम वाटली की मला राग येतो. बाहेर येऊन मी तिला नको ते बोललो. एवढ्यासाठी आणलं का तुला, इथपर्यंत बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि शिळेपाशी पत्रावळ मांडली. खीर वाढली, वर वडा ठेवला, हात जोडून मागं सरली.

लिंबाच्या झाडावर कावळे होते. ऊन चढलं, खिरीवर माश्या बसल्या, एकही कावळा खाली उतरेना.

“काहीतरी कबूल कर,” मी म्हणालो. “नाव लावते म्हण. शिवेल लगेच.”

“त्यानं काहून यावं?” आत्या म्हणाली. “लेक दोनदा न्हाई म्हनली त्याला.”