कोटावरच्या रेघा

शाहूपुरीतल्या शांतव्वाच्या दुकानाला पाटी नाही. ती लागतच नाही. मार्च सरला की गल्लीच्या तोंडाशीच मेणाचा वास येतो, आणि नवखं गिऱ्हाईकही नाकामागं चालत नेमकं तिच्या दारात येऊन उभं राहतं. "पावणं, आत या, पण जपून. मेण सांडलंय. आपटलासा तर माझ्या नावानं शंख करत हिंडशीला," असं तिचं स्वागत.

काम एकच, सुती कापडाला मेण चढवायचं. जाड कोट, टोप्या, पाठीवरच्या पिशव्या, डोंगरात मुक्कामाला न्यायची पालं. भर पावसात पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडं चालत जाणारी हौशी पोरं तिच्याकडं येतात आणि पेठ वडगावहून मोटारसायकलीला दुधाचे कॅन लावून येणारे गवळीही येतात. प्लास्टिकच्या रेनकोटात माणूस बाहेरून कोरडा आणि आतून घामानं चिंब, हे ज्याला एकदा उमगलं तो तिचा कायमचा झाला. मेण शाहूवाडीच्या डोंगरात मध काढणारा केरबा आणून देतो, मधमाश्यांच्या पोळ्याचं. शांतव्वा ते उकळत्या पाण्यात भांडं ठेवून पातळ करते, चमचा-दोन चमचे जवसाचं तेल घालते, कापडावर घासते आणि वरून गरम इस्त्री फिरवते. मेण सुतात मुरलं की पाऊस वरच्यावर घरंगळून जातो.

या कापडाला एक खोड आहे. जिथं वाकतं तिथं पांढुरकी रेघ उमटते. इस्त्री फिरवली की रेघ जाते, पण माणूस कोट घालायला लागला की परत हजर. अंगावरचा कोट काढून दिला की शांतव्वा रेघा बघूनच सांगणार, "गाडीवर डावीकडं कलून बसतोयस बाबा. कंबर धरंल एक दिवस." रेघा वाचायची ही विद्या तिला नवऱ्यानं शिकवली, प्रभुलिंगानं.

तो तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. धिप्पाड गडी, दुकानाच्या दारातून वाकून आत यायचा. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला बसवून माती दिली, मांडी घातलेली आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणून भावकीनं सगळे गाठोडं बांधून नेले. एक कोट तेवढा राहिला. मेण लावून दुकानात सुकत टांगलेला होता, कुणाच्या ध्यानात आला नाही. शांतव्वाच्या आला होता, पण ती गप्प बसली.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात गिऱ्हाइकांची कामं उरकली की ती त्या कोटालाही ताजं मेण लावायची आणि इस्त्रीनं एक रेघ न ठेवता सपाट करून मागच्या भिंतीच्या खुंटीला अडकवायची. समोर चहाचा गाडा लावणाऱ्या बयाबाईच्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. ती म्हणाली, "अगं, गेलेल्याच्या कापडाला सुईसुदीक लावत न्हाईत, आन् तू त्येला पावसासाठी तयार कराय लागलीस. कुठं जायचाय त्यो आता?"

आणि कोटावर रेघा उमटू लागल्या.

कुणी घातला नाही, कुणी हलवला नाही, तरी कोपरावर, कमरेशी, मांडीवर रेघा. चालणाऱ्याच्या रेघा वेगळ्या असतात, गाडीवाल्याच्या वेगळ्या. या बसलेल्या माणसाच्या होत्या. मांडी घालून आणि डावा हात पुढं धरून बसलेल्या. पहिल्यांदा त्या दिसल्या तेव्हा शांतव्वानं देवाचं नाव घेत इस्त्री तापवली आणि सगळ्या पुसून काढल्या. आठवड्याभरात परत तिथंच. तेव्हा मात्र तिनं इस्त्रीला हात लावला नाही. खुंटीखाली पाण्याचा तांब्या भरून ठेवला. एकटं पडलेलं माणूस भुतालाही पाणी विचारतं. हसायचं त्यानं खुशाल हसावं, पण आधी तीन वर्षं रिकाम्या घरात एकट्याचा भात शिजवून बघावा.

तिची एकुलती एक लेक प्रेरणा पुण्यात नोकरीला. आईनं दुकान बंद करून आपल्याकडं यावं म्हणून ती वर्षभर फोनवर घसा कोरडा करत होती. हट्ट उगाच नव्हता. दुपारी शांतव्वाला कसलीशी झापड यायची. कधी डोळा लागला ते तिला कळायचं नाही, आणि जाग यायची तेव्हा उन्हं कललेली असायची. दोन गिऱ्हाइकांचे कोट तापलेल्या इस्त्रीखाली जळून गेले. उद्या दुकान पेटलं तर? मे महिन्यात प्रेरणा टेम्पो ठरवूनच आली.

"मी न्हाय येणार," शांतव्वा म्हणाली.

"का पण? काय ठेवलंय हितं?"

"तुझा अप्पा हाय हितं. येतोय, बसतोय. मी गेले तर कुणाकडं येईल त्यो?"

तिनं खुंटीवरचा कोट काढून लेकीच्या हातात दिला. दुसरी कुणी असती तर डॉक्टरला फोन लावला असता. पण प्रेरणा मेणाच्या वासातच वाढलेली. तिनं कोट दारातल्या उजेडात नेला, बाही ताणून पाहिली, परत पाहिली. मग फार हळू आवाजात म्हणाली, "अव्वा, ह्या रेघा अप्पांच्या न्हाईत."

"तुला काय कळतंय?"

"कोपर बघ कुठं मोडलाय. अप्पांचा कोपर पार खाली यायचा. आन् ही मनगटाजवळची गोल रेघ बघ. बाही दुमडलीया कुणीतरी. अप्पांना बाह्या आखूड पडायच्या, ते कशाला दुमडतील?"

साऱ्या जगाचे कोट वाचणाऱ्या शांतव्वानं हाच एक नीट वाचला नव्हता. वाचायचाच नव्हता तिला. ती भडकली. लेकीच्या हातातून कोट ओढून घेतला, रागारागानं अंगात चढवला आणि म्हणाली, "बघ, बघ आता!" तिच्या हातांनी आपसूक बाह्या दुमडल्या. दुमड बरोबर गोल रेघेवर बसली. बाकावर मांडी घातली, डावा हात पुढं धरला, आणि कोपरावरची, कमरेवरची, मांडीवरची रेघन् रेघ आपापल्या जागी जाऊन बसली. तिच्या अंगावर बेतून काढाव्यात तशा.

नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखं शांतव्वाला वाटलं.

तेवढ्यात बयाबाई चहाचे ग्लास घेऊन आली. तिला त्यात नवल काहीच दिसलं नाही. "आज लवकर घातलास व्हय गं कोट?"

"म्हंजे?" प्रेरणानं विचारलं.

"रोज दुपारी घालून बसतीया की! ह्या असल्या उन्हात. म्या म्हटलं, अंगात कणकण असंल. हाक मारली तर वळून बघत न्हाय. बाकाच्या ह्या टोकाला बसती, बाकी बाक मोकळा. परवा त्यो वडगावचा दूधवाला शेजारी बसाय गेला, तर हात आडवा करून उठवला त्येला."

"मला न्हाय आठवत," शांतव्वा पुटपुटली. "शिव शिव, मला कायबी आठवत न्हाय."

प्रेरणाला रडू आलं. आईची दया आली, स्वतःचा रागही आला. एवढी वर्षं फोनवर 'जेवलीस का' विचारलं की कर्तव्य संपलं असं आपण धरून चाललो. आता आईला इथं एक दिवसही ठेवायचं नाही. तिनं टेम्पोवाल्याला फोन लावला, आणि तो उचलायची वाट बघत दुसऱ्या हातानं आईच्या अंगातला कोट उतरवू लागली. उजव्या खांद्यापाशी तिचा हात थांबला.

तिथं रेघ नव्हती. तिथं मेण दबलेलं होतं. ताज्या मेणावर ऊबदार हात बराच वेळ ठेवला तर ते मऊ होतं आणि ठसा धरतं. नवशिका कारागीर अशी खोट हमखास करतो. ठशातला तळवा खांद्यामागं होता, चार बोटं खांद्यावरून पुढं आलेली. शेजारी बसलेल्या माणसानं पाठीमागून हात टाकून जवळ घ्यावं, तसा.

प्रेरणानं आपला पंजा त्यावर ठेवला. लहान पडला. आईचा धरून ठेवला, तो तर आणखी लहान. कुणी मापाला हात मागायच्या आधीच बयाबाईनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले आणि ती उलट्या पावली गाड्याकडं निघून गेली.

फोनवर टेम्पोवाला ओरडत होता, "अवो ताई, बोला की! कुठं लावू गाडी?"

"आज नको," प्रेरणा म्हणाली. "न्हाय, उद्याबी नको. मी कळवीन."

ती आईपाशी जमिनीवर बसली. मग लहानपणी खाऊ मागायची तशा आवाजात तिनं विचारलं, "अव्वा, उद्या दुपारी मी बी बसू?"

शांतव्वानं कोटाची कॉलर सारखी केली.

"बस की," ती म्हणाली. "पण पल्याडच्या टोकाला बस. मधली जागा सोड."