पंख्यातला झेंडू

आमचा म्हातारा संगणक दर दहा मिनिटांनी गोठायचा. गेल्या वर्षी वारलेल्या सासूबाईंच्या आवाजातल्या ओव्या फक्त त्याच्याच पोटात होत्या, म्हणून मी सर्जनच्या थाटात त्याची पेटी उघडली. आतला पंखा दसऱ्याच्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्यांनी जाम झाला होता!

“अगं, तुझ्या पूजेनं बिचारा गुदमरला!”

“अहो, फुलं तुम्हीच उधळता. नाटकी कुठले!” बायको म्हणाली.

पाकळ्या वेचल्यावर पंखा फिरला आणि ओव्या पेन ड्राइव्हवर सुखरूप उतरल्या. काही माणसंही अशीच असतात. आपल्या प्रेमानं गुदमरतात, तरी आपलं सगळं जपून ठेवतात.

शेवटच्या ओवीनंतर सासूबाईंचा आवाज आला, “जावईबापू, झालं का रेकॉर्डिंग? चला, आता जेवून घ्या.”

बायको रडता रडता हसली. मी संगणकाला हात जोडले आणि पानं घ्यायला उठलो.