कामठीहून आलेला डबा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्यासोबत नऊ वर्षं महोत्सव चालवतोय त्या मित्रांनाही नाही. तुम्हालाच का सांगतो? तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच कारण असेल.

आधी माझी ऐट सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. आमच्या घराण्यात अंगठा न लावता सही करणारा पहिला माणूस मी. बी.ए. झालो, नागपुरात नोकरी धरली, फिल्म सोसायटीचा सेक्रेटरी झालो. आणीबाणी उठली त्या हिवाळ्यात आम्ही विदर्भातल्या नवशिक्यांसाठी महोत्सव सुरू केला. विणकरांची, शेतकऱ्यांची, बौद्ध वस्त्यांमधली मुलं-मुली — ज्यांना कोणी विचारत नाही — त्यांनी फिल्म करावी, आम्ही दाखवू. पत्रकात मी स्वतः लिहिलं होतं : तुमची फिल्म आमच्याकडे सुखरूप राहील.

फिल्मा एस.टी.ने यायच्या. डबा कंडक्टरच्या हाती द्यायचा, मी स्टँडवर जाऊन घ्यायचा. पावती नाही, सही नाही. वर्धा, भंडारा, उमरेड — सगळ्यांचं असंच चालायचं, आणि कधी काही हरवलं नाही.

कामठीची विमल कॅन्टोन्मेंटमधल्या एका डॉक्टरांच्या मुलींना शिकवायची. त्यांचाच कॅमेरा मागून तिने आपल्या आईवर बारा मिनिटांची फिल्म केली. त्या जातीच्या फिल्मला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून निघालेली रीळच धुऊन दाखवायची — जगात तेवढी एकच. तिचा मामा कामठीच्या गाडीवर कंडक्टर होता. त्याच्या हाती बिस्किटाचा डबा आला, वर चिकटवलेली चिठ्ठी : एकच प्रत आहे, सांभाळून.

प्रोजेक्टर फक्त ऑपरेटरने चालवायचा, हा नियम माझाच. त्या दुपारी तो जेवायला गेला होता. मी खिडक्यांना ब्लँकेटं लावली आणि रीळ चढवली.

पडद्यावर एक बाई पाठमोरी बसून कांड्या भरत होती. चरखा फिरतो, सूत गुंडाळलं जातं, पाठ हलत नाही. आवाज नाही. कितीतरी वेळ तीच पाठ. मग मान हळूहळू वळू लागली — आणि तिने माझ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडे म्हणा. पण खोलीत मीच होतो ना? कसं सांगू... कधी न पाहिलेली बाई, पण तिला माझं काहीतरी आधीच कळलंय असं वाटलं. चेहरा नीट बघावा म्हणून मी फिल्म थांबवली. दिव्याच्या आचेपासून फिल्म वाचवणारी झडप मोडलेली आहे, हे मला माहीत होतं. तरी थांबवली. तिच्या कपाळावर तपकिरी फोड आला. पसरत गेला. डोळे सगळ्यात शेवटी गेले.

जळालं किती? बोटभर. त्याच्या पुढे ती अजून बघतच होती. तेवढं कापून, जोडून, विमलला खरं सांगता आलं असतं. ती रडली असती, रागावली असती, पण फिल्म लागली असती. मग का नाही सांगितलं? पत्रकातलं ते वाक्य माझं होतं. नियमही माझा होता.

मी म्हणालो, डबा आलाच नाही.

मामा ड्यूटीच्या खाकी कपड्यातच महोत्सवाच्या कमिटीसमोर आला. "तुमच्याच हातात देल्ला ना जी सर मी! तुम्ही चहा नाही का पाजला मले?" मी शांतपणे म्हणालो, तो चहा दुसऱ्या कुठल्या तरी दिवशीचा असेल, गाडीच्या धांदलीत माणसाचा गोंधळ होतो. कंडक्टर एकीकडे, बी.ए. सेक्रेटरी एकीकडे. कमिटीने माना हलवल्या. विमल खाली बघत एवढंच म्हणाली, "मामा, कुठी विसरला असशीन तर आठव ना गा." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि निघून गेला. पुन्हा बहिणीच्या उंबऱ्याला त्याचा पाय लागला नाही.

दोन वर्षांनी ती बहीण — विमलची आई — वारली. विमल ऑफिसात आली. म्हणाली, जुन्या डब्यांमध्ये एकदा बघता का जी? घरात आईचा एक फोटोही नाही. डबा माझ्या कपाटात होता, तिच्या खुर्चीपासून चार हातांवर. मी म्हणालो, तू नवीन फिल्म कर, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. तिने केली नाही.

महोत्सव आटोपला की दरवर्षी मी ती रीळ एकदा पाहतो. का पाहतो? ते मलाही सांगता येत नाही. जळालेलं कापून मी दिलेला जोड दरवेळी तिथेच तुटतो. तिथल्या काही चौकटी कापून मी पुन्हा चिकटवतो. पहिल्या वर्षी ती सावकाश वळायची. मग जरा लवकर. मग झटक्यात. कात्री माझ्याच हातात असते, ती लवकर का वळते ते मला ठाऊक असतं — तरी अंगावर काटा येतो. यंदा वळणं उरलेलंच नाही. पाठ दिसते, आणि लगेच डोळे. माझी वाटच बघत असल्यासारखे.

डब्यावरची चिठ्ठी अजून वाचता येते. तो डबा मामाने स्टँडवर माझ्या हातात दिला होता. मी त्याला चहा पाजला होता.