हिरामण कोणाचा माणूस

सातपूरच्या अशोकनगरात, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुसाबाईने दिवाळीपासून जमिनीला पाय लावला नव्हता. दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला होता. खाली भाजीवाला ओरडायचा, ही गॅलरीतून भाव करायची, आणि एवढ्या उंचीवरूनही त्याला नमवायची. पण माणूस गॅलरीतून किती दिवस जगणार? "मला मरायच्या आधी एकदा मातीवर बसवा रे," असं ती मुलाला, योगेशला, रोज जेवताना ऐकवायची. योगेश अंबडच्या कारखान्यात कामाला, सून योगिनी औषधांच्या दुकानात. दोघांनी बोलणं मनावर घेतलं आणि तळमजल्याचं घर शोधायला सुरुवात केली.

कामटवाड्यात एका फाटकावर 'घर विकणे आहे' अशी पाटी दिसली. खालच्या नंबरावर फोन लावला तो हिरामणने उचलला. हिरामण म्हणजे घरं विकून देणारा एजंट. चाळिशीचा, अंगात इस्त्रीचा शर्ट, मोटारसायकलच्या हँडलला किल्ल्यांचा जुडगा आणि प्रत्येक किल्लीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. बोलणं मात्र एजंटाला न शोभेल इतकं मोजकं. घरी आला, चहा घेतला, घराची माहिती दिली आणि उठला. कुसाबाई त्याला एवढ्या सहजी सोडते होय! तिने त्याचं गाव काढलं, आडनाव काढलं, आणि पाच मिनिटांत तो घोटीजवळच्या तिच्याच माहेरगावचा निघाला.

"मल्हारीचा मुलगा तू? मारुतीच्या देवळामागचा? अरे, तुझा बाप आणि माझा खंडेराव एका ताटात जेवलेत!"

खंडेराव तिचा एकुलता भाऊ. तो गेल्यापासून तिला माहेर असं उरलंच नव्हतं. म्हणून गावचा पोर दारात बघून तिला भरतं आलं. गावच्या लेकीला गाव कधी परकं करत नाही, अशी तिची समजूत. हिरामणनेही लगेच 'आत्या' म्हटलं आणि पाया पडला. त्या क्षणी कुसाबाईने त्याला आपल्या पक्षात घालून टाकलं. इथेच तिचं चुकलं, पण तिच्या जागी घोटीकडची दुसरी कुठली बाई असती तर तिनेही हेच केलं असतं.

रविवारी योगेशने आणि शेजाऱ्याने प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला खाली उतरवलं, रिक्षात घातलं आणि कामटवाड्याला नेलं. घर गोविंदकाकांचं. काका निवृत्त मास्तर, मुलाकडे पुण्याला राहायला निघालेले. ते आत कपाट आवरत होते. घर लहानच, पण दारापुढे एकच पायरी, आणि पायरीपुढे कढीपत्त्याचं झाड असलेला चार हात मातीचा तुकडा. कुसाबाई तिथे खुर्चीत बसली, चप्पल काढली आणि पाय मातीत ठेवले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. योगिनीने तिकडे पाहिलं आणि घर तिथेच पसंत पडलं.

मग हिरामण जवळ येऊन बसला आणि कुसाबाईची जीभ सुटली.

"तू घरचाच हायेस, तुला काय चोरून ठेवायचं. मला हेच घर पायजे. आम्ही आत्ता कमी बोलू, पण योगेशने मनात धरलंय की काका अडून बसलेच तर..."

"आत्या, थांबा." हिरामणने चक्क हात वर केला. "पुढचं मला सांगू नका."

"का रे?"

"मी गोविंदकाकांचा माणूस आहे. हे घर विकायचं काम त्यांनी मला दिलंय, माझी दलाली तेच देणार. तुम्ही कुठवर चढणार हे मला कळलं, तर ते त्यांना सांगणं माझं काम आहे. म्हणून मला कळूच देऊ नका."

कुसाबाई खुर्चीत पुढे सरकली. "बरं, मी नाय सांगत. तू सांग. काका किती कमीवर सोडतील?"

"तेही नाही सांगणार."

"गावचा असून?"

"गावचा आहे म्हणूनच आधी सांगितलं. घराबद्दल विचारा, एक शब्द लपवणार नाही. पावसाळ्यात मागची भिंत ओल धरते, हेही काकांना विचारूनच सांगतोय. पण भाव ठरवताना मी समोरच्या बाजूला बसणार. तुमच्या बाजूने बघायला तुमचा माणूस आणा."

कुसाबाईला हे फार लागलं. रिक्षात बसल्यावर ती जी सुरू झाली ती सातपूर येईपर्यंत थांबली नाही. "मल्हारीच्या पोटी असलं निपजलं! ह्याच्याकडून मला घर नको म्हणजे नको." सासूपुढे बोलण्यात अर्थ नसतो हे योगिनीला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं होतं. तिने दुसरा एजंट शोधला.

चंदर हा दुसरा गडी म्हणजे साखरेचं पोतं. "आई, मी तुमचाच माणूस," हे त्याचं दर दोन वाक्यांनी. पाथर्डी फाट्याजवळचं तळमजल्याचं घर त्याने दाखवलं. ह्या पोराला रीतभात आहे असं म्हणत कुसाबाईने त्याला मनातलं सगळं सांगितलं, योगेशने धरलेला आकडासुद्धा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंदरचा फोन आला. त्या घराचा मालक एका आकड्यावर ठाम होता, आणि तो आकडा नेमका योगेशने धरलेलाच होता.

योगिनीने शांतपणे विचारलं, "चंदरभाऊ, ह्या व्यवहारात तुम्ही कोणाकडून?"

"ताई, आपण सगळ्यांचेच की! दलाली तुम्ही पण देणार, मालक पण देणार."

योगिनीने फोन ठेवला. कुसाबाई सगळं ऐकत होती. बराच वेळ ती लसूण सोलत बसली. गावचा पोर तिला हात वर करून थांबवतो काय आणि ती त्यालाच शिव्या घालते काय! आणि समजा, गावची म्हणून त्याने काकांच्या मनातलं तिला सांगितलं असतं, तर? काकांनी विश्वासाने काम दिलेला माणूस तिच्यासाठी फितूर झाला असता. असल्या भाच्याला कोणत्या तोंडाने चांगलं म्हणायचं? तिला स्वतःचीच लाज वाटली.

"योगिनी, हिरामणला फोन लाव," ती म्हणाली. "आणि आपल्या बाजूने कोणी बाई बघ, लिहिणारी-वाचणारी."

योगिनीच्या ओळखीतली चैताली वकील होती. तिने फी घेतली ती ह्यांच्याकडून आणि काम केलं तेही ह्यांचंच. कागद तपासले, कढीपत्त्याखालचा मातीचा तुकडा घराच्या नावावर आहे ना हे पाहिलं, मागच्या ओलीसाठी भाव खाली आणला. हिरामण समोर बसून काकांसाठी इंच इंच लढला. तासभर ते चाललं. कुसाबाई खुर्चीत बसून बघत होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, लय चिवट हाय, अगदी मल्हारीवर गेलाय. शेवटी दोन्हीकडचे थोडे थोडे कुरकुरले आणि व्यवहार झाला. योगेश पाकीट काढायला लागला तेव्हा हिरामण म्हणाला, "तुमच्याकडून काही घेता येणार नाही मला. काकांनी दिलंय."

वैशाखात वास्तुशांती झाली. योगिनीच्या माहेरची दहा माणसं आली, आहेर झाले, हळदीकुंकू झालं. कुसाबाई दाराशी खुर्चीत बसून आल्यागेल्याला 'या' म्हणत होती. घर झालं, पाय मातीला लागले, तिला आणखी काही मागायचं नव्हतं. तरी तिच्या माहेराकडून यायला कोणी नाही, हे दिवसभर मनात सलत होतं. खंडेराव असता तर फेटा बांधून सगळ्यांच्या आधी आला असता.

जेवणं सुरू होता होता फाटकाशी मोटारसायकल थांबली. हिरामण आत आला. आज हँडलला किल्ल्या नव्हत्या, हातात कापडी पिशवी होती.

कुसाबाईने जरा दमातच विचारलं, "काय रे, आज कोणाच्या बाजूने आलास?"

हिरामणने पिशवीतून हिरवं लुगडं आणि नारळ काढला, तिच्या ओटीत ठेवला आणि वाकून पाया पडला.

"काकांचं काम संपलं, आत्या. आज मी तुमच्या माहेराकडून आलोय."

कुसाबाईने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं, आणि मग योगिनीला हाक मारून सांगितलं की माहेरचं माणूस आलंय, त्याला पहिल्या पंगतीला बसव.