मास्तरांनी कापलेली बातमी

माणिकपूरचे आमचे शिंपी मास्तर माप घेताना आपला उजवा हात डाव्या हाताने उचलून गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ठेवत. स्नायू झिजवणारा आजार होता. कोणी मदतीला सरसावलं की म्हणत, "राहू द्या हो, हा कामचुकार माझ्याच घरचा आहे."

एकदा पेपरात बातमी आली. शरीरातलं मायोस्टॅटिन नावाचं द्रव्य स्नायूंना वाढू देत नाही. ते अडवणारं औषध देताच प्रयोगशाळेतले उंदीर पैलवान झाले होते. मी अर्धीच बातमी वाचली, कात्रण काढलं आणि दुकानात शिरून गर्जलो, "मास्तर, औषध आलं! आता स्वतःच्या बाह्या सैल शिवा!"

मास्तरांनी बातमी शेवटपर्यंत वाचली आणि शेवटच्या ओळींवर बोट ठेवून मला दाखवली. माणसांवरच्या चाचण्या परदेशात आत्ता कुठे सुरू झाल्या होत्या. औषध यायला बरीच वर्षं लागणार होती, आणि येईलच असंही नव्हतं. मला तिथेच कापडाच्या ठाणात गुंडाळून घ्यावंसं वाटलं.

मास्तरांनी कात्री घेतली, तेवढ्या ओळी सरळ रेषेत कापून टाकल्या आणि आत काजं करत बसलेल्या बायकोला हाक मारली, "अगो, ये, वाच. यांनी काय आणलंय बघ."

वहिनींनी दोनदा वाचलं. मग मला विचारलं, "म्हंजे यांचे हात राहतील ना, भाऊ?"

एरवी थापा मारताना न अडखळणारा मी कसंबसं म्हणालो, "छापून आलंय, वहिनी."

मास्तर खाली पडलेल्या कागदाच्या पट्टीवर पाय ठेवून उभे होते.