बाबांच्या कुलपाचा आकडा

बालीगंजच्या फ्लॅटमध्ये बाबा एकटे राहतात. दाराबाहेरच्या लोखंडी जाळीला ते आतून तीन आकड्यांचं कुलूप लावतात आणि दर महिन्याला आकडा बदलतात. मला सांगायची म्हणे गरजच नाही. आकडा उलटा वाचला तरी तोच हवा, आणि मूळ संख्या हवी, म्हणजे एक आणि स्वतःशिवाय कशानेही भाग न जाणारी. तीन आकडी अशा संख्या पंधराच. १०१, १३१, १५१... लहानपणापासून पाठ आहेत. बजबजच्या मिलमधून दमून आलेला हा इंजिनिअर बाप माझ्याशी दुसरं काही खेळायचाच नाही. दहाऐवजी कधी सातचे, कधी अकराचे गट करून मोजायचं आणि त्या बेसमध्ये अशा संख्या नव्याने शोधायच्या, हा आमचा रविवार.

मागच्या आठवड्यात सकाळपासून ते फोन उचलेनात. एस्प्लनेडचं ऑफिस अर्धवट टाकून मी आले. बेल वाजवली, हाका मारल्या. आत सामसूम. जाळीतून हात घालून कुलूप फिरवू लागले. घामाने बोटं निसटत होती. पंधराही संख्या संपल्या, कुलूप ढिम्म.

खालच्या मजल्यावरच्या बंगाली माशीमा वर आल्या. म्हणाल्या, "तोड़ दो, देर मत करो."

मी वेड्यासारखे उरलेले आकडे लावत सुटले. १११, १२१, १४१, १६१. १७१ ला कुलूप उघडलं.

बाबा मागच्या बाल्कनीत, कानातलं यंत्र काढून, पेपर वाचत बसले होते. यंत्र कानात घालत म्हणाले, "अगं, आज ऑफिस नाही?"

मला रडूच फुटलं. माशीमा हात जोडून खाली गेल्या. चहा टाकताना मात्र त्या आकड्याची बेरीज करून पाहिली. एक, सात, एक. बेरीज नऊ. म्हणजे नवाने भाग जातो, आणि हे मला चौथीत त्यांनीच शिकवलं होतं.

पण अकराच्या बेसमध्ये? अकरा अकरे एकशे एकवीस, अधिक सात अकरे सत्त्याहत्तर, अधिक एक. एकशे नव्याण्णव. मूळ संख्या! माझा जीव भांड्यात पडला. म्हातारा माझी परीक्षा बघत होता तर.

"बाबा, या वेळी अकराच्या बेसमधला लावलात ना? चांगलं छळलंत मला."

त्यांनी कप खाली ठेवला. "कसला बेस? १७१ ला कशानेच भाग जात नाही. करून बघ."

"हो," मी म्हणाले. गणितात त्यांच्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले.